एकबारी शिकारी रायफल: नव्या बॅरलची लांबी ठरवताना (प्रकल्प नोंदी)

१२ जून: काम काय आहे

फॉलिंग ब्लॉक ॲक्शनची (काडतुसाच्या मागचा पोलादी ठोकळा खाली सरकून उघडणारी) एकबारी, म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल. काडतूस ७×६५आर (७ मिमीची गोळी, ६५ मिमी लांब, बुडाला रिम म्हणजे बाहेर आलेली कडा). जुनं बॅरल, म्हणजे नळी, ६६० मिमी लांब. त्याचा घसा, म्हणजे चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे जिथे रायफलिंग (गोळीला गिरकी देणाऱ्या पिळदार खाचा) सुरू होतं तो भाग, झिजला आहे, म्हणून नवं बॅरल बसवायचं. ॲक्शन, दस्ता, चाप आणि दुर्बीण तीच राहतील. ठरवायच्या गोष्टी तीनच: लांबी, बाहेरचा उतार (नळी मागून पुढे किती निमुळती होते तो) आणि तोंडाकडची जाडी. तिन्ही एकमेकींत अडकलेल्या असल्यामुळे सुटी सुटी ठरवून भागत नाही.

वापर आधी लिहून ठेवतो, कारण पुढचा प्रत्येक हिशेब त्यावर आहे. २५० मीटरपलीकडे बार काढायचा नाही. अर्धा वेळ मचाणावर किंवा आडोशाच्या खोपीत, अर्धा वेळ पायी, झाडोऱ्यातून. गोळी १०.५ ग्रॅमची, पसरणारी.

लांबी मोजण्याची पद्धत पक्की करून घेतली. रायफल रिकामी आहे याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करायची, ब्लॉक पूर्ण बंद करायचा, नळीच्या तोंडातून सपाट टोकाचा गज ब्लॉकच्या तोंडाला (काडतुसाकडच्या बाजूला) टेकेपर्यंत आत सोडायचा, नळीच्या कडेशी गजावर खूण करायची आणि तेवढं अंतर मोजायचं. रिसीव्हरच्या (नळी मागे जिथे बसते त्या सांगाड्याच्या) बाहेर दिसणारी नळी मोजली तर माप कमी येतं. तोंडावरचा काढता येणारा ब्रेक (धक्का कमी करणारा) किंवा सप्रेसर (आवाज कमी करणारा) या मापात धरत नाहीत.

कायद्याची किमान लांबी ज्या त्या देशात वेगळी. अमेरिकेत रायफलच्या नळीला १६ इंच (४०६ मिमी) आणि एकूण रायफलीला २६ इंच ही खालची हद्द आहे. आमचे सगळे पर्याय तिच्या बरेच वर आहेत, पण ऑर्डर देण्याआधी आपल्या परवान्यावर काय लिहिलंय ते वाचणं चुकवू नये.

आजची मापं: दुर्बिणीसह रिकामं वजन ३.६ किलो. तोलाचा बिंदू ब्लॉकच्या तोंडापासून ८० मिमी पुढे. बॅरलचा बाहेरचा आकार: पहिले ६० मिमी ३० मिमी जाडीचा दंडगोल, पुढे २६ मिमीपासून तोंडाशी १६ मिमीपर्यंत सरळ उतार.

१४ जून: एकूण लांबीचा हिशेब

एकबारीला बोल्ट (बोल्ट रायफलीत हाताने मागे-पुढे करायचा दांडा) मागे ओढायला जागा लागत नाही. दस्त्याच्या बुडापासून ब्लॉकच्या तोंडापर्यंत आमच्याकडे ४२० मिमी आहेत. मोठ्या ॲक्शनच्या बोल्ट रायफलीत हेच अंतर ५१० ते ५२० मिमी भरतं. म्हणजे सुमारे ९५ मिमी फुकटात मिळतात.

बॅरल ६६० असेल तर एकूण १०८० मिमी, ६१० असेल तर १०३०, ५६० असेल तर ९८०. सर्वसाधारण बोल्ट रायफल ५६० च्या नळीने १०७५ च्या आसपास जाते. म्हणूनच रूगर नंबर १ सारख्या फॉलिंग ब्लॉक रायफलींवर २६ इंची नळी अवजड दिसत नाही. बाहेरून ती २२ इंची बोल्ट रायफलीएवढीच असते.

इथे दोन वाटा फुटतात. वाचलेले ९५ मिमी नळीत घालायचे आणि वेग घ्यायचा, की तसेच ठेवून रायफल आखूड करायची? बहुतेक जण पहिली वाट गृहीत धरतात. वेग किती मिळतो ते मोजल्याशिवाय ती धरू नये असं आमचं मत.

१८ जून: लांबीने वेग किती वाढतो

"इंचाला २५ फूट" (नळीच्या दर इंचामागे वेगात सेकंदाला २५ फूट) हा ठोकताळा सगळ्यांना पाठ असतो, पण तो सगळ्या काडतुसांना सारखा लागू पडत नाही. खरी किल्ली प्रसरण-गुणोत्तरात आहे. काडतुसाच्या पोटातली जागा अधिक गोळी जेवढी सरकते तेवढ्या नळीची पोकळी, भागिले काडतुसाच्या पोटातली जागा. वायूला मूळ जागेच्या किती पट पसरायला मिळालं ते हा आकडा सांगतो.

७×६५आर साठी पोटातली जागा सुमारे ४.४ घन सेंमी, नळीचं छिद्र सुमारे ०.४० चौ. सेंमी. गोळीचा प्रवास काढायला नळीच्या लांबीतून काडतुसाचे ६५ मिमी वजा केले आणि गोळी काडतुसात जेवढी बसलेली असते त्याचे १० मिमी मिळवले. ६६० च्या नळीत प्रवास ६०५ मिमी, पोकळी २४.२ घन सेंमी, गुणोत्तर ६.५. नळी ६१० ची असेल तर ६.०५, ५६० ची असेल तर ५.६.

तुलनेसाठी याच पद्धतीने ५६० मिमी नळीवर इतर काडतुसं: .३०८ विंचेस्टर सुमारे ७.९, ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम ४.७, .४५-७० तब्बल ११.७. गुणोत्तर जितकं मोठं तितका वायू आधीच ढिला पडलेला असतो आणि नळीचा पुढचा इंच तितकं कमी देतो. म्हणून .४५-७० मध्ये दर २५ मिमीला ३-४ मी/से जातात, .३०८ मध्ये ६ ते ८, आणि ७ मिमी मॅग्नममध्ये १० ते १३. आमच्या काडतुसाला ८-९ धरले. ५० मिमीला साधारण १७ मी/से.

मॅग्नम काडतूस असतं तर ही नोंद इथेच संपली असती: ६५० च्या खाली जाऊ नका. एवढी दारू भरून, तिचा धक्का खांद्यावर घेऊन, वर आखूड नळीने वेग सोडून देण्यात अर्थ नाही. आमचं काडतूस मधलं आहे, म्हणून प्रश्न खुला राहतो.

दोन गैरसमज इथेच काढून टाकायला हवेत, कारण दोन्हींमुळे माणसं चुकीची नळी मागवतात.

पहिला: "आखूड नळीला जलद दारू हवी, नाहीतर अर्धी दारू बाहेर जळते." लांब नळीत ज्या दारूने सर्वात जास्त वेग दिला तीच सहसा आखूड नळीतही सर्वात जास्त देते. दाबाचं शिखर गोळी पहिले काही सेंटिमीटर सरकते तेवढ्यात येऊन जातं आणि दारूचा बहुतेक भाग नळीच्या मागच्या भागातच जळतो. तोंडाशी दिसणारी ज्वाला मुख्यतः तापलेले, अर्धवट जळलेले वायू हवेत पुन्हा पेट घेतात त्यांची. जलद दारूने ज्वाला थोडी घटेल, पण वेगही घटेल.

दुसरा: "लांब नळीत गोळी जास्त वेळ राहते म्हणून नेम हलतो." शेवटचे ५० मिमी गोळी ८०० च्या वर वेगाने पार करते. त्याला ०.०६ मिलिसेकंद लागतात. चाप ओढणाऱ्या बोटाचा थरथराट याहून कितीतरी संथ असतो. यावर लांबी ठरवू नये.

आणि एक इशारा. एकाच कारखान्याच्या, एकाच लांबीच्या दोन नळ्यांत तेच काडतूस १५ ते ३० मी/से चा फरक दाखवू शकतं. छिद्राच्या मापातला बारीक फरक, चेंबरचा घट्टपणा, घशाची लांबी, सगळं त्यात येतं. म्हणजे ५० मिमीने मिळणारे १७ मी/से या नशिबाच्या पट्ट्यातच बुडून जाऊ शकतात. लांबीच्या फरकावर पोटतिडकीने भांडण्याआधी हे आठवावं.

२१ जून: वेगाचे मीटर करून पाहणे

मी/से हा आकडा शिकाऱ्याला काही सांगत नाही, म्हणून तो अंतरात बदलला. आमची १०.५ ग्रॅमची गोळी या वेगाला दर १०० मीटरला साधारण ६० मी/से गमावते. तेव्हा नळीतले १७ मी/से म्हणजे २५ ते ३० मीटर अंतर. ६१० च्या नळीतून २५० मीटरवर गोळी ज्या वेगाने लागते, त्याच वेगाने ५६० च्या नळीतून ती २२० ते २२५ मीटरवर लागेल. नळी ५० मिमीने आखूड करण्याची खरी किंमत एवढीच.

आता ही किंमत आपल्याला द्यावी लागते का ते पाहायचं. बहुतेक शिशाच्या गाभ्याच्या पसरणाऱ्या गोळ्यांना नीट उमलायला ५५० ते ६०० मी/से लागतात. नेमका आकडा गोळीच्या खोक्यावर किंवा निर्मात्याच्या तक्त्यात पाहावा, तांब्याच्या एकसंध गोळ्यांना तो बहुधा जास्त असतो. ५६० च्या नळीच्या तोंडाशी ८१२ धरले तर २५० मीटरवर सुमारे ६६० उरतात. हद्दीच्या वर ६० मी/से, म्हणजे आणखी १०० मीटरची शिल्लक. ६६० च्या नळीने ही शिल्लक १५०-१६० मीटर झाली असती. न वापरायची शिल्लक वाढवून उपयोग काय?

गोळी किती खाली उतरते हेही तपासलं. १०० मीटरवर नेम बसवला असेल तर वेगातला २ टक्के फरक ३०० मीटरवर दोन-अडीच सेंटिमीटर दिसतो. २५० वर त्याहून कमी. चांगल्या आधारावरूनही कोणी एवढं धरून मारत नाही.

वेगाचा मुद्दा आमच्यापुरता इथे मिटला. २५० मीटरच्या हद्दीत हे काडतूस ५६० पासून वर कुठल्याही लांबीत पुरेसं आहे. ४०० मीटरवर बार काढायचा असेल, तर हा निष्कर्ष उचलू नये. तिथे प्रत्येक २५ मिमीला खरंच किंमत येते.

२६ जून: तोल

लांबी ठरवायची ती मुख्यतः हातात काय येतं त्यावरून, म्हणून आज सर्वात जास्त वेळ इथे दिला.

जुन्या नळीचे पुढचे ५० मिमी कापले तर जाणारं पोलाद: सरासरी जाडी १६.४ मिमी, छिद्र वजा करून छेद १.७१ चौ. सेंमी, गुणिले ५ सेंमी, गुणिले ७.८५. उत्तर ६७ ग्रॅम. साडेतीन किलोच्या रायफलीत ६७ ग्रॅम म्हणजे दोन टक्केही नाहीत. पण हे ६७ ग्रॅम तोलाच्या बिंदूपासून ५५५ मिमी लांब बसलेले आहेत. ६७ गुणिले ५५५ भागिले ३५३३: तोल १० मिमी मागे सरकतो. त्यापुढचे ५० मिमी कापले तर आणखी ७६ ग्रॅम आणि आणखी ११ मिमी. नळी वळवायला लागणारा जोर तर अंतराच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे हाताला जाणवणारा फरक वजनकाट्यावरच्या फरकाच्या तीन-चार पट असतो.

कापल्याशिवाय हे अजमावायचं कसं? लांब नळी अजमावणं सोपं: आखूड नळीच्या तोंडाजवळ शिशाची पट्टी चिकटपट्टीने गुंडाळायची, तोंडाच्या कडेच्या आतच, छिद्रापुढे काही येता कामा नये, आणि रिकामी रायफल खांद्याला लावून पाहायची. उलट दिशेने मात्र फसगत होते. दस्त्याच्या बुडात ७५-८० ग्रॅम शिसं घातलं की तोल बरोबर १० मिमी मागे येतो, आखूड नळीसारखा. पण दोन्ही टोकं जड झाल्यामुळे रायफल वळायला उलट सुस्त होते. तोल तोच असूनही ती आखूड नळीची रायफल वाटत नाही. या प्रयोगावरून कोणी "आखूड नळीने काही फरक पडत नाही" म्हणत असेल तर ते मोजमाप चुकीच्या गोष्टीचं आहे.

कोणता तोल चांगला? उभ्याने, आधाराशिवाय मारायचं असेल तर तोंडाकडे थोडं वजन हवं. नेम संथ आणि एकसारखा राहतो. फॉलिंग ब्लॉकमध्ये मागचा भाग मुळात आखूड आणि हलका, त्यामुळे ५६० मिमीची बारीक नळी लावली तर रायफल खांद्यावर पटकन येते, पण वाऱ्यात तोंड भिरभिरतं. बोल्ट रायफलीवर गोड वाटणारी पेन्सिलीसारखी नळी एकबारीवर उतरवू नये.

या टप्प्यावर कौल ६१० मिमीकडे होता.

३ जुलै: ताठपणा

थोडक्यात. नळीच्या टोकावर ठरावीक भार टाकला तर वाक लांबीच्या घनाने वाढतो आणि जाडीच्या चतुर्थ घाताने घटतो. ६६० आणि ५६० मधला फरक १.६४ पट. म्हणजे त्याच जाडीची ५६० ची नळी दीडपटीहून अधिक ताठ. यावरून ती आपोआप जास्त अचूक असते असं नव्हे; नळीची कंपनं प्रत्येक बाराला सारखी असतील तर बारीक लांब नळीही एकाच जागी मारते. फायदा असा की ताठ नळी फोरएंडच्या (नळीखालच्या, डाव्या हाताने धरायच्या लाकडाच्या) दाबाला, पट्ट्याच्या ओढीला आणि टोकाला टांगलेल्या वजनाला कमी दाद देते. एकबारीत फोरएंड हा कायमचा दुखरा भाग आहे, तेव्हा हे महत्त्वाचं.

शिकारीत पहिला थंड बारच मोजतात. दहा बारांनी नळी तापून काय होईल या चिंतेने जाड नळी घेण्याचं कारण इथे नाही.

९ जुलै: सप्रेसर आल्याने गणित उलटलं

रायफल सप्रेसर लावूनच वापरायची असं आता ठरलं आहे. जिथे कायदा परवानगी देतो तिथे हा निर्णय योग्यच, पण लांबीचा सगळा हिशेब त्याने बदलतो. सप्रेसरचा निर्णय नेहमी नळीच्या आधी घ्यावा.

निवडलेला सप्रेसर नळीवर मागे चढणारा आहे: ३६० ग्रॅम, तोंडाच्या पुढे १२० मिमी, मागे ९० मिमी. त्याचा गुरुत्वमध्य तोंडाच्या १५ मिमी पुढे.

नळी ६६० असेल तर सप्रेसरसह एकूण १२०० मिमी आणि तोल ब्लॉकपासून १३४ मिमी पुढे. ६१० असेल तर ११५० आणि १२१. ५६० असेल (बेतलेल्या नव्या उतारासह) तर ११०० आणि १०५. आजची उघडी रायफल १०८० आणि ८० आहे, हे शेजारी ठेवून पाहावं. ६१० वर सप्रेसर म्हणजे डावा हात दहा मिनिटांत भरून येणार. ५६० वर रायफल आजच्याहून फक्त २० मिमी लांब, तोल २५ मिमी पुढे. उभ्याने मारायला हे उलट बरं.

आणखी आखूड, ५१०? आकडे चांगले येतात, पण दोन कारणांनी नाही. सप्रेसर काढून वापरायची वेळ आली तर ५१० च्या नळीचा आवाज आणि झोत फार वाईट. आणि वेगात आणखी १७ जातात. तेव्हा गोळी बदलण्याची मोकळीक कमी होते.

टोकाला टांगलेल्या वजनाने नळी किती झुकते तेही काढलं. सरासरी २१ मिमी जाडी धरून ५६० वर तोंडाचा कोन इतका झुकतो की १०० मीटरवर कागदी हिशेबाने गोळी जवळपास ३ सेंमी खाली लागावी. ६६० वर हेच ४ सेंमीच्या जवळ. प्रत्यक्षात कंपनंही बदलतात, म्हणून दिशा वेगळी येऊ शकते. धडा एकच: सप्रेसर लावून आणि काढून नेम वेगळा तपासायचा, एकावरून दुसरा गृहीत धरायचा नाही.

लोखंडी माशी आणि नेमकाटा नव्या नळीवर बसवत नाही. सप्रेसर माशीच्या जागेवरच चढतो.

१६ जुलै: आवाज, झोत आणि मचाणाची खिडकी

शिकारी रायफलीचा बार सप्रेसरशिवाय १६० डेसिबलच्या आसपास जातो. अचानक आवाजासाठी कानाच्या इजेची हद्द १४० मानतात. नळी आखूड केली की गोळी बाहेर पडतानाचा दाब वाढतो आणि तोंड कानाजवळ येतं. दोन्ही गोष्टी एकाच बाजूला ढकलतात. कानात इअरप्लग किंवा कानावर मफ हवेच, नळी कितीही लांब असली तरी.

मचाणावर लांबीचा एक मुद्दा सहसा सुटतो. खिडकीत आधार घेतल्यावर नळीचं तोंड खिडकीच्या बाहेर राहिलंच पाहिजे. तोंड आत राहिलं तर झोत फळ्यांवर आपटून सगळा आवाज आत कोंडतो, शेजारी बसलेल्याला तो जास्त लागतो. शिवाय दुर्बीण नळीहून ५ सेंमी उंच असते: दुर्बिणीतून मोकळं दिसतं आणि गोळी मात्र चौकटीच्या लाकडात जाते. आखूड नळीवर हा धोका वाढतो. ५६० अधिक १२० म्हणजे ब्लॉकपासून ६८० मिमी; हात फोरएंडवर ठेवून चौकटीबाहेर पुरेसं तोंड निघतं. सप्रेसरशिवाय ५६० ला बसण्याची जागा खिडकीकडे सरकवावी लागेल.

२२ जुलै: कापलेली नळी आणि बेतलेली नळी

लांबी ५६० ठरली. आता लोक जिथे हमखास घसरतात तो भाग.

६६० चा तयार उतार घेऊन तो ५६० वर कापला तर तोंड १६ ऐवजी १७.७ मिमी येतं, कारण उतार दर ६० मिमीला १ मिमी आहे. वजन छिद्र वजा जाता सुमारे १६४५ ग्रॅम. हाच उतार ५६० साठी मुळातून बेतला, २६ पासून १७ पर्यंत, तर १६०३. फरक ४२ ग्रॅमचा, आणि तो बराचसा पुढच्या अर्ध्यातला. ऑर्डरमध्ये नुसता उताराचा क्रमांक लिहून चालत नाही. "पूर्ण लांबीला तोंडाची जाडी अमुक" असं लिहावं.

तोंडाला १७ मिमीच का? आटे एम१५×१ (१५ मिमी व्यास, १ मिमी अंतर) घ्यायचे आहेत. आट्यांच्या मागे सप्रेसर टेकायला खांदा हवा. १७ मधून १५ गेले की प्रत्येक बाजूला १ मिमी उरतो. १६ मिमी तोंडावर तो अर्धा मिमी राहिला असता, आणि एवढ्या अरुंद खांद्यावर सप्रेसर तिरका बसायला वेळ लागत नाही. तिरका बसला की गोळी आतल्या पडद्याला घासते. १६ मिमी तोंडच हवं असेल तर एम१४×१ घ्यावं.

सप्रेसरचा मागचा भाग नळीवर चढतो तिथली मोकळीकही पाहिली. त्याच्या बाहीचं आतलं माप २० मिमी. तोंडापासून ९० मिमी मागे आमची नळी १८.६ मिमी. चारी बाजूंनी ०.७ मिमी मोकळं. कापलेल्या नळीवर तिथे १९.२ आली असती. तापल्यावर घासण्याइतकी जवळ.

रायफलिंगचा पीळ २२० मिमीला एक फेरा, तोच. लांबीने पीळ बदलण्याची गरज पडत नाही; वेग दोन-चार टक्क्यांनी उतरला तर गोळीची गिरकी तेवढीच उतरते.

बंदूक कारागिराला दिलेला कागद असा: लांबी ब्लॉकच्या तोंडापासून ५६० मिमी, सहनशीलता (मापातली मुभा) अधिक १ उणे ०. पहिले ६० मिमी ३० मिमी, मग २६ पासून १७. आटे एम१५×१, छिद्राला समकेंद्री, बाहेरच्या व्यासाला नव्हे. तोंडाची कडा आत घेतलेली. कच्च्या नळीच्या दोन्ही टोकांचे किमान २५ मिमी टाकून द्यायचे. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा: घोटून गुळगुळीत केलेल्या नळीचं छिद्र टोकांशी किंचित फाकलेलं असतं, आणि फाकलेल्या तोंडातून गोळ्या विखुरतात. ज्या नळीला तोंडाशी मुद्दाम आवळ दिलेली असते ती मात्र कापूच नये; आवळ कापलेल्या तुकड्यासोबत जाते.

१० सप्टेंबर: नळी बसून आली

तपासणी. गजाने लांबी ५६० च्या किंचित वर, सहनशीलतेत. सीआयपी (बंदुकांच्या चाचणीचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) देशांच्या नियमाप्रमाणे प्रूफचा, म्हणजे जास्त दाबाच्या काडतुसाने घेतलेल्या चाचणीचा, शिक्का आहे. या काडतुसाचा कमाल दाब ३८०० बार (हे दाबाचं एकक), प्रूफच्या काडतुसाचा दाब त्याहून २५ टक्के वर, म्हणजे ४७५०. आटे पाडण्याचं काम प्रूफच्या आधी करून घ्यावं, नाहीतर काही ठिकाणी पुन्हा प्रूफ लागतं.

चेंबर गेजने तपासला: गो (किमान मापाच्या) गेजवर ब्लॉक बंद होतो, नो-गो (कमाल मापाच्या) गेजवर होत नाही. हे काडतूस रिमवर बसतं, तेव्हा रिमची खाच नेमकी असणं इथे गाभ्याचं.

तोंडाच्या कडेवर कापसाची काडी आतून बाहेर ओढून फिरवली. तंतू कुठेही अडकला नाही, म्हणजे बूर राहिलेली नाही. सप्रेसर लावून छिद्रात बसणारा सरळ पोलादी गज आतून बाहेर काढला आणि पुढच्या भोकाच्या मधोमध येतो का ते चारी बाजूंनी पाहिलं. हे केल्याशिवाय पहिला बार काढू नये.

फोरएंड खाली-वर दाबून पाहिला. टोकाशी नळीला टेकत होता. फोरएंडच्या टोकाशी जाड कागदाची पट्टी मोकळी सरकेपर्यंत आतून घासला. मागे हँगरवरचा (फोरएंड धरून ठेवणाऱ्या दांड्यावरचा) बसका तसाच ठेवला. पट्ट्याची कडी ब्लॉकपासून ३३० मिमीवर, नळीवरच्या कड्यात. सप्रेसर ४७० पासून सुरू होतो, म्हणून पुढे १४० मिमी मोकळे राहतात. कडी फोरएंडवर घेतली असती तर धक्क्यात डाव्या हाताच्या बोटांवर आली असती.

काट्यावर वजन ३.४२ किलो. तोल ५४ मिमी, सप्रेसरसह १०४. कागदावर ५५ आणि १०५ होते.

२७ सप्टेंबर: मैदानावर

जुन्या नळीचे आकडे काढून ठेवले होते: त्याच गठ्ठ्यातली काडतुसं, दहा बारांची सरासरी ८३८ मी/से. नवी नळी, तसेच दहा बार, तापमान जवळपास सारखं: ८१६. फरक २२.

ठोकताळ्याने १०० मिमीला ३२ ते ३६ जायला हवे होते. कमी गेले म्हणून आखूड नळीचं कौतुक करण्याचं कारण नाही. झिजलेल्या घशाने जुनी नळी आधीच थोडा वेग गमावत असणार, आणि दोन नळ्यांतला नेहमीचा फरक यात मिसळलेला आहे. शुद्ध लांबीचा परिणाम एकच नळी टप्प्याटप्प्याने कापली तरच कळतो.

सप्रेसरसह नेम १०० मीटरवर ३ सेंमी वर बसवला. सप्रेसर काढल्यावर गट साडेतीन सेंमी वर आणि १ सेंमी उजवीकडे गेला. परत लावल्यावर मूळ जागी आला. दोनदा काढून-लावून तेच. आटे पुसून कोरडे आणि दर वेळी हाताने तेवढेच घट्ट, ही अट. दुर्बिणीच्या मनोऱ्यावर (नेम फिरवायच्या चकतीवर) सप्रेसरशिवायचा फरक खुणेने लिहून ठेवला आहे.

राहिलेलं काम: २५० मीटरवर गोळी प्रत्यक्ष किती खाली उतरते ते मोजणं आणि थंड नळीचा पहिला बार वेगवेगळ्या दिवशी एकाच कागदावर घेत जाणं. फोरएंडची मोकळीक पावसाळी दमटपणात पुन्हा तपासायची. लाकूड फुगलं की ती पट्टी सरकेनाशी होते.